नाव सोनूबाई

माझ्यापुरत्या द्राक्षांच्या जाती दोनच: गोड आणि आंबट. त्यातही आंबटाचं ज्ञान कोल्ह्याकडून आलेलं. इटलीत मात्र वाइनच्या द्राक्षांच्या पाचशेवर जाती सरकारदरबारी नोंदलेल्या आहेत. इतक्या पोटजाती आपल्या वधूवरसूचक मंडळांनाही झेपणार नाहीत!

बरं, नावावरून काही बोध व्हावा, तर तेही नाही. मोन्तेपुल्चानो हे टस्कनीतलं एक गाव. त्याच नावाचं एक द्राक्षही आहे. पण ते नांदतं अब्रुत्सो प्रांतात. आणि मोन्तेपुल्चानो गावची प्रसिद्ध वाइन होते मुख्यतः सांजोवेझे नावाच्या द्राक्षाची. म्हणजे नागपूरकर जन्मभर पुण्यात, आणि नागपुरात जावं तर दार उघडतात पुणेकर!

पण माझा खरा जीव जडला आहे तो पिएमोंतेच्या दोल्चेत्तोवर. नावाचा अर्थ 'गोडुला'. घोट घ्यावा तर गोडाचा पत्ता नाही. उलट शेवटी जिभेवर कडू बदामाची चुणूक. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

त्याच टेकड्यांवर थोरले बंधू राहतात, नेब्बिओलो. त्यांची होते बारोलो, म्हणजे घराण्याची कीर्ती. ते पिकतात उशिरा, म्हणून उन्हाचे उतार त्यांना. शिवाय बारोलो बाजारात यायची तर कायद्यानेच किमान 38 महिने मुरायला हवी. तोवर घर कोणी चालवायचं? धाकट्याने! हा लवकर पिकतो, उरल्यासुरल्या थंड जागेत राहतो आणि पुढच्याच वर्षी जेवणाच्या टेबलावर हजर. थोरला विलायतेत बॅरिस्टर होत असताना ज्याने दुकान सांभाळलं, असा एक काका घरोघरी असतो. दिवाणखान्यात फोटो मात्र बॅरिस्टरांचा.

बारोलोचा भाव वाढला, तसे बऱ्याच जणांनी दोल्चेत्तोचे वेल उपटून तिथे नेब्बिओलो लावले. कोणी हेझलनट लावले. दोष तरी कसा द्यावा? शेतकऱ्यालाही पोरंबाळं आहेत. दोल्यानी गावाने मात्र धाकट्याचा मान राखला. तिथल्या दोल्चेत्तोला 2005 साली सर्वोच्च सरकारी दर्जाही मिळाला.

थोरल्याची बाटली लग्नामुंजीला उघडेल हो, पण साध्या मंगळवारी पास्त्याशेजारी कोण बसणार? श्रीखंड कितीही थोर असलं तरी रोज लागतो तो वरणभातच. आणि त्याची चव आपल्याला कळते, ती तो पानातून गेल्यावर.