‘सुना’ म्हणजे सुखी!

आयर्लंडला निघताना आईने एकच काम दिलं होतं. ‘दादा सुखात आहे का, तेवढं बघून ये.’ फोनवर तो ‘ऑल वेल’च्या पुढे जात नाही ना!

दादा राहतो गॉलवेत, पश्चिम किनाऱ्यावर. डिसेंबरात दुपारी साडेचारलाच अंधार, शॉप स्ट्रीटवर दिव्यांच्या माळा आणि दुकानादुकानांत एकच पाटी : ‘नॉलिग हुना’. म्हणजे हॅपी ख्रिसमस, आयरिश गेलिकमधून. दादा म्हणाला, मूळ शब्द ‘सुना’, सुखी. (सुना म्हटल्यावर तुम्हाला काय आठवलं ते माहितेय. तो विषय नको.) मग ‘स’चा ‘ह’ कसा? तर नॉलिग स्त्रीलिंगी. आपण चांगलाचं चांगली करताना विशेषणाचं शेपूट बदलतो, हे लोक तोंड बदलतात!

पठ्ठ्या चक्क आयरिशच्या क्लासला जातोय, हे मला तिथे कळलं. देशाची पहिली अधिकृत भाषा, पण शहरात कानावर पडते इंग्लिशच. म्हणून दुसऱ्या दिवशी बसने स्पिडलला गेलो. तिथे आयरिश अजून घरात बोलतात, गावाच्या पाटीवरही तीच.

बसमध्ये दादा फुल फॉर्मात. ‘सुना’चा जुना अर्थ नशीबवान. उलट शब्द ‘दुना’, पूर्वी अभागी, आता नुसताच वाईट. सुना-दुना, सुख-दुःख! शब्द वेगळे, पण पुढचे ‘सु’ आणि ‘दु’ एकाच घरातले. संस्कृत आणि आयरिश दोघींची खापरपणजी एकच.

हीच वेळ, म्हणून आईचा प्रश्न विचारून टाकला. तू सुना का रे?

‘इथे ‘ता आहस ओरम’ म्हणतात,’ तो म्हणाला. ‘आनंद माझ्यावर आहे. पावसासारखा. आला, गेला.’

‘आणि दुःख?’

‘ता ब्रोन ओरम. दुःख माझ्यावर आहे.’ मग खिडकीकडे बघत, ‘सॉरी म्हणायलाही हेच.’

एप्रिल 2020 मध्ये बाबा गेले तेव्हा विमानं बंद होती. दादाने सगळं मोबाइलच्या स्क्रीनवर पाहिलं. त्याबद्दल घरात कुणी कधी बोललेलं नाही.

स्पिडलच्या धक्क्यावर वारा असा, की छत्री उलटी झाली. तिथूनच त्याने आईला व्हिडिओ कॉल लावला. ‘ऑल वेल’ नाही. म्हणाला, ‘आई, ता ब्रोन ओरम.’

‘ओरडतोस काय?’ आई म्हणाली. ‘आधी कानटोपी घाल.’