बियाण्याचं सोयाबीन वेगळं

ऑक्टोबरात आमच्या सिंदी मेघेत सगळ्यांनाच घाई असते. थ्रेशरवाल्याकडे नंबर लागलेले, दिवाळी तोंडावर, हरभऱ्यासाठी वावर मोकळं करायचं, त्यात आभाळ भरून येतं. या घाईत विकायचं सोयाबीन निभावतं. बियाण्याचं निभावत नाही.

म्हणून मामाजी, म्हणजे माझे सासरे, बियाण्याचा तुकडा आधीच हेरून ठेवतात. पानं गळाली, शेंगा तपकिरी झाल्या, हलवल्यावर आत दाणा वाजू लागला की तो तुकडा पहिल्यांदा सोंगायचा. आधी सोंगला तर दाणा हिरवा, सुरकुतलेला निघतो. पुढे ढकलला तर शेंगा तडकतात, आणि त्याहून वाईट म्हणजे उभ्या पिकावर पाणी येतं. दाणा फुगतो, वाळतो, पुन्हा फुगतो. साल सैल पडते, बुरशीला वाट मिळते. पिशवीत तो पिवळाच दिसतो, पण उगवण्याची ताकद वावरातच गेलेली असते.

2019 साली ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाने राज्यभर सोंगलेलं सोयाबीन भिजलं, कितीतरी ठिकाणी गंजीतच कोंब आले. पुढच्या खरिपात बियाणं उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग पडला आणि औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. दोष कुणाचा यावर पुष्कळ भांडण झालं. माझ्या मते निम्मं उत्तर त्या भिजलेल्या गंज्यांत होतं.

मळणीच्या वेळी मामाजी थ्रेशरजवळून हलत नाहीत. सोयाबीनची साल पातळ, आणि अंकुर तिच्या अगदी खाली, डोळ्याशी. हरभऱ्यासारखा मार त्याला सोसत नाही. दाण्यात 13-14 टक्के ओल असताना मळावं, ड्रमचे फेरे मिनिटाला 400 च्या वर जाऊ देऊ नयेत, असं कृषी खात्याची माणसं सांगतात. थ्रेशरवाल्याला मात्र पुढचं वावर गाठायचं असतं.

“भाऊ, हे विकाचं नाही, बियाण्याचं आहे. आरामानं चालू दे.”

“काका, अशानं रात्र होईल.”

“होऊ दे. मी चहा आणतो.”

मळून झालं की मी मूठभर दाणे वाटीभर पाण्यात टाकते. पाचेक मिनिटांत काही दाणे सुरकुतून टपोरे होतात. त्यांची साल फुटलेली असते, पाणी सरळ आत शिरतं. धड दाणे तेवढ्या वेळात जसेच्या तसे राहतात. वाटीत फुगलेले फार दिसले, तर ते पोतं बियाण्यातून बाद.

वाळवणं माझ्याकडे. गावाभोवती लेआउट पडत गेले आणि वाळवण खळ्यावरून स्लॅबवर आलं. सोय झाली, पण भर दुपारी स्लॅब असा तापतो की उघड्या सिमेंटवरचा दाणा भाजून निघावा. घाईने सुकलेल्या दाण्याची साल तडकते. म्हणून ताडपत्रीवर पातळ थर, सकाळ-संध्याकाळचं ऊन, मधूनमधून हात फिरवणं, आणि दव पडायच्या आत गोळा करणं. शेजारणी हसतात, “बाप्पा, पापड वाळवता का?” दाणा दाताखाली दबला तर ओला, कट्ट फुटला तर झाला. ओल 12 टक्क्यांच्या आत यायला हवी. मग तागाचं पोतं, खाली लाकडी फळ्या, थप्पी चार-पाच पोत्यांचीच. आणि हमालाने पोतं खांद्यावरून आपटायचं नाही. एवढी काळजी घेतलेला दाणा शेवटी तिथेच फुटतो.

बाजारात या साऱ्याचा एक रुपयाही जास्त मिळत नाही. आर्द्रतामापक लावला, काडीकचरा पाहिला की भाव ठरतो. दाणा जिवंत आहे का, हे तिथे कोण विचारतो? बियाण्याला वेळ द्यायचा तो पुढच्या जूनसाठी, हे घरातल्या हिशेबाच्या वहीतही कुठे दिसत नाही.

मे महिन्यात ओल्या गोणपाटावर 100 दाणे ओळीने मांडून गुंडाळी करते. आठवडाभरात मोजायचे. सत्तर किंवा जास्त धड मोड आले तर एकरी 30 किलो. थोडे कमी भरले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवायचं. फारच कमी भरले, तर ते पोतं सरळ बाजार समितीत, आणि बियाण्यासाठी दुकानाच्या रांगेत आम्हीही.