बुधवारची गीतमाला आणि ग्रंथालयातील कुंपण

चिंचपाड्याच्या आमच्या घरात आजोबा अजूनही बुधवारच्या रात्रींची आठवण काढतात. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री डॉ. बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरील चित्रपटगीते आटली. त्याच वर्षी ३ डिसेंबरला रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. शासनाने गाळलेली गाणी एका टूथपेस्टच्या जाहिरातीने घरोघरी पोचवली. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीनेच ‘विविध भारती’ सुरू केली. १९६७ मध्ये तिच्यावर जाहिरातीही आल्या. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदाही १९६७ चाच.

मागील महिन्यात आजोबांचे एक आवडते गाणे शोधण्यासाठी मी एका ग्रंथालयातील संगणकापुढे बसलो. ‘मनोरंजन’ असा शिक्का मारून ते पान अडवले गेले. घरी मोबाइलवर गाणे तत्काळ सापडले. मात्र त्याआधी झटपट कर्जाची जाहिरात लागली. आजोबांनी तीही मन लावून ऐकली आणि विचारले, “हे खरंच देतात का रे?”

टूथपेस्ट विकणाऱ्याला आजोबांचे नाव-गाव ठाऊक नव्हते. मोबाइलवरील जाहिरातदाराला श्रोत्याची आवड, वय, ठिकाण यांचा माग लागतो. म्हणूनच ते गाणे त्यांना ग्रंथालयात, जाहिरातीविना ऐकता यायला हवे होते.