चिमट्यातील तेल

सायकलीच्या चिमट्यात, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये, तेल भरावे लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. कारण ज्या काळ्या सायकलींवर आमच्या पुण्याने पिढ्यान्‌पिढ्या कचेऱ्या, शाळा आणि बाजारहाट उरकला, त्यांचा चिमटा म्हणजे वाकवलेल्या दोन पोलादी नळ्या, यापलीकडे काही नव्हता. १९९० साली अमेरिकेतील कोलोराडोमधल्या डुरँगो येथे डोंगरउताराच्या शर्यतीचे पहिले अधिकृत जागतिक अजिंक्यपद ग्रेग हरबोल्ड याने पटकावले, तेव्हा त्याच्या सायकलीला पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्सचा जो चिमटा होता, तो जेमतेम ४८ मिलिमीटर दबत असे. परंतु त्याच्या पोटात हवा होती, तेल होते, आणि तेव्हापासून आम्हा कारागिरांच्या मागे तेल निवडण्याचा हा एक नवा विवेक लागला.

स्प्रिंग पोलादाची असो वा कोंडलेल्या हवेची, घेतलेला धक्का जवळजवळ जसाच्या तसा परत करणे हा तिचा स्वभावच आहे. तेल त्या परतफेडीचे हप्ते बांधून देते. दट्ट्याच्या छिद्रांतून आणि त्यावर रचलेल्या पातळ पोलादी चकत्यांच्या फटींतून वाट काढताना ते धक्क्याची शक्ती उष्णतेच्या रूपाने खर्ची घालते. भार पेलणे हे स्प्रिंगचे काम, आणि वेळेचा बंदोबस्त हे तेलाचे. ही वाटणी ज्याच्या मनात पक्की झाली नाही, तो स्वार बसताच चिमटा फार खचतो म्हणून दाट तेल भरतो, आणि मग चिमटा खचायचा तेवढा खचतोच, वर मात्र सावकाश येतो; लागोपाठच्या दगडांवर तर त्याला सावरायला उसंतच न मिळाल्याने तो अधिकाधिक दबत जातो आणि स्वाराचे मनगट त्याची कैफियत मांडू लागते.

निवडीतला पहिला घोटाळा बाटलीवरच्या आकड्याचा. ५, १० किंवा १५ हा आकडा फोर्कच्या तेलांपुरता सर्वांसाठी मुकरर झालेला नसून त्याबाबत ज्या त्या उत्पादकाचा शिरस्ता निराळा आहे. खरी रुजुवात होते ती ४० अंश सेल्सिअसला मोजलेल्या श्यानतेच्या, म्हणजे दाटपणाच्या, सेंटिस्टोकमधील आकड्याने. २० अंशांच्या पाण्याचे हे माप सुमारे १ येते; पण ५ क्रमांकाच्याच दोन तेलांपैकी एकाचे १६ च्या आसपास, तर दुसऱ्याचे २६ च्या पलीकडे असू शकते. म्हणून गिऱ्हाईक ‘पाच नंबरचंच भरा’ असे बजावते तेव्हा मी मान डोलावतो खरा, परंतु जुने तेल कोणत्या घराण्याचे होते याची चौकशी केल्यावाचून आणि नव्याचे तांत्रिक पत्रक पाहिल्यावाचून बाटलीचे बूच उघडत नाही. दोन तेलांचे मिश्रण करण्याची तजवीजही जपून करावी लागते. समभाग मिसळल्यास येणारा दाटपणा अंकगणिताच्या सरासरीइतका नव्हे, तर तीहून काहीसा कमी भरतो.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. रक्ताभिसरणाच्या जिज्ञासेने बारीक काचनळ्यांतील प्रवाह मोजणाऱ्या प्वाझ्यूय या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात जो नियम शोधला, त्यानुसार अरुंद वाटेने संथ वाहणाऱ्या द्रवाला होणारा विरोध त्याच्या श्यानतेच्या प्रमाणात वाढतो. मात्र आखूड छिद्रातून वेगाने उसळणाऱ्या प्रवाहाला श्यानतेची फारशी मातब्बरी उरत नाही, तेथे घनता आणि वेग यांचाच अंमल चालतो. तात्पर्य, तेल बदलल्याचा परिणाम चिमट्याच्या संथ हालचालींवर जितका ठसठशीत होतो, तितका दगडावर आदळल्याच्या तडाख्यावर होत नाही. तो तडाखाच जाचत असेल तर चकत्यांची रचना तपासावी, तेलाला वेठीस धरू नये.

मग तेल निवडावे कशावरून? माझी कसोटी साधी आहे. आधी स्वाराच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग किंवा हवेचा दाब ठरवावा आणि मग परतीचा वेग राखणारी कळ फिरवून पाहावी. वजनदार स्वाराच्या कडक स्प्रिंगपुढे ती कळ पूर्ण आवळूनही चिमटा उसळत असेल तर अधिक श्यान तेल घ्यावे. हलक्या स्वारासाठी ती पूर्ण मोकळी करूनही तो रेंगाळत असेल तर पातळ. योग्य तेल तेच, ज्याच्या योगे कळ मध्यावर राहते आणि दोन्ही बाजूंना फिरवायला जागा उरते. यात ऋतुमान जमेस धरणे ओघानेच आले. ४० अंशांचे माप आमच्या वैशाखाला बरे लागू पडते, पण लडाखच्या पहाटे, पारा शून्याजवळ असता, तेच तेल चार-पाच पट दाट होऊ शकते. अशा प्रवासाला निघणाऱ्याने ज्याचा श्यानता निर्देशांक उच्च आहे, म्हणजे तापमानाबरोबर जे कमी बदलते, असेच तेल पत्करावे.

येथवर झाली ती दट्ट्याच्या तेलाची हकिकत. खालच्या पायांत जे दुसरे, बहुधा अधिक चिकट तेल असते, ते बेताचेच, बहुतेक चिमट्यांत पायागणिक ५ ते १५ मिलिलिटर; त्याला धक्क्याशी कर्तव्य नाही, सरकत्या नळ्या, अस्तरे आणि सीलखालचे स्पंज ओले राखावेत एवढीच त्याची नेमणूक. पावसाळ्यानंतर सह्याद्रीतून परतलेला चिमटा उघडला की हे तेल दुधट निघाले तर सीलमधून पाणी शिरले असे समजावे, आणि त्यात धातूची करडी चमक असेल तर अस्तर किंवा नळी झिजू लागली आहे. या तेलाला जाणकार मोल देत नाहीत, आणि माझ्या अनुभवात बहुसंख्य चिमटे त्याच्याच हेळसांडीने खराब होतात.

महाग तेल हे उत्तम तेल, ही समजूत बाजाराला सोयीची असली तरी कारागिराला ती परवडत नाही. निर्मात्याने सांगितलेले, सेंटिस्टोकने पडताळलेले आणि वेळेवर बदललेले साधे तेल हे मुदतीपलीकडे राबवलेल्या कीर्तिमान तेलाहून केव्हाही श्रेष्ठ. आणि निवडीचा निम्मा विवेक तर कोणत्या तक्रारीला तेल जबाबदार नाही, हे ओळखण्यातच आहे.