एका अक्षराचे टाके

आपल्या हातच्या कसबाचा अभिमान मनुष्यानें अवश्य बाळगावा. परंतु त्या अभिमानामुळें दुसऱ्याच्या हातांची परीक्षा घेण्याचा अधिकार आपणांस मिळतो, असा समज मात्र त्यानें करून घेऊं नये. हा धडा आम्ही उतारवयांत, आणि तोही एका कापडी निशाणापासून शिकलों.

आमचें घर पिंपरीस. 1954 सालीं येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि 1962 नंतर औद्योगिक वसाहत पसरत गेली. त्या काळांत नगर जिल्ह्यांतून (आतां त्यास अहिल्यानगर म्हणतात) जीं कुटुंबें पोटासाठीं इकडे आलीं, त्यांत आमचेंही एक. नगरास अमेरिकन मराठी मिशनचें काम 1831 पासूनचें. तेव्हां आमच्या सामानांत बायबल आणि गोधडी या दोन्ही वस्तु होत्या. पुढें तीस वर्षें आम्हीं कारखान्यांत यंत्रांचे नकाशे काढले. रेघेंत केसभर फरक पडला तरी आम्हांस झोंप येत नसे.

गेल्या नाताळापूर्वीं आमच्या मंडळीनें वेदीमागें निशाण लावण्याचें ठरविलें. तरुणांचें म्हणणें, फ्लेक्स छापून आणावा. एका दिवसांत काम होतें. स्त्रियांनीं तें साफ नाकारलें. निर्गमाच्या पस्तिसाव्या अध्यायांत निवासमंडपासाठीं आपल्या हातांनीं सूत कातणाऱ्या स्त्रिया आहेत, छापून आणणाऱ्या नाहींत, असें एका बाईंनीं सुनावलें, तेव्हां पाळकसाहेबही हंसले.

निशाण सहा फूट लांब, तीन फूट रुंद. कापड पांढरें साटीन. कारण नाताळाचा रंग पांढरा, त्याआधींच्या चार आठवड्यांचा जांभळा. मागें मांजरपाटाचें अस्तर, वर दांडा ओवण्यापुरता नेफा, खालीं वजनासाठीं लांकडी पट्टी. मध्यें एकच शब्द: 'इम्मानुएल', म्हणजे देव आम्हांबरोबर. अक्षरें लाल खणाचीं. खणाचा उभा धागा साटिनाच्या उभ्या धाग्याशीं जुळवावा लागतो, नाहीं तर टांगल्यावर कापड ओढतें. आम्हीं कागदावर अक्षरें आंखून दिलीं. स्त्रियांनीं तीं कापून, कडा पाव इंच आंत मुडपून, कच्च्या दोऱ्यानें बसविलीं.

शेवटचा 'ल' आमच्या मावशींच्या वांट्यास आला. त्यांचें वय पंच्याऐंशी, दृष्टि अधू. गोधड्या शिवून त्यांनीं एके काळीं संसार चालविलेला. दोन दिवस त्या खिडकीशीं बसल्या. अक्षर पुरें झालें तें डावीकडे कललेलें. टाके कोठें दाट, कोठें विरळ. आमच्यांतला नकाशेवाला बेचैन झाला. त्या रात्रीं सर्व निजल्यावर आम्हीं ते टाके उसवले, आणि सकाळीं शिंप्याकडून मशीनवर अक्षर बसवून आणलें. कोणास कांहीं सांगितलें नाहीं.

रविवारीं निशाण मावशींपुढें पसरलें. बोटें फिरवीत त्या शेवटच्या अक्षराशीं थांबल्या.

"हा टाका माझा न्हाई, बाबा," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानें पुन्हां म्हणाल्या, "वाकडा झाला व्हता का? मला सांगायचं. मीच उसवला असता."

आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. संध्याकाळीं निशाण टांगून पाहिलें, तों मशीनच्या घट्ट दोऱ्यानें त्या अक्षराभोंवतींच साटिनास सुरकुत्या पडल्या होत्या; हातानें शिवलेलीं अक्षरें सपाट बसलीं होतीं. पण सुरकुत्या पडल्या नसत्या तरी आमची चूक ती चूकच राहिली असती. तो शब्द म्हणतो, देव आम्हांबरोबर. त्या 'आम्हां'मध्यें मावशीही होत्या, हें अक्षर सरळ करण्याच्या नादांत आम्ही विसरलों होतों.

आम्हीं अक्षर पुन्हां उसवलें आणि मावशींपुढें ठेवलें. या वेळीं सुईंत दोरा ओवून देण्याचें काम आम्हीं पत्करलें. शेजारीं बसून "थोडं उजवीकडे" म्हणत गेलों. त्यांनींही तें आनंदानें ऐकलें. 'ल' अजून किंचित् कललेलाच आहे. नाताळच्या सकाळीं कोणाचें तिकडे लक्ष गेलें नाहीं. आमचें मात्र गेलें, आणि तरीही त्या रात्रीं आम्हांस स्वस्थ झोंप लागली.

आतां पुनरुत्थानाच्या सणासाठीं दुसरें निशाण करावयाचें आहे. आंखणी आमची, टाके मावशींचे, असें ठरलें आहे.