वाचलेले पैसे

पैसे वाचवण्याइतका खर्चिक छंद दुसरा नसेल, असे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत चालले आहे. पत्ते, नाटके, हॉटेले या छंदांना निदान मर्यादा असते. खिसा रिकामा झाला की माणूस निमूटपणे घरी येतो. पैसे वाचवायला निघालेल्या माणसाला मात्र खिसा रिकामा झाल्याचे कळतच नाही. कारण तो येताना हातात बिल घेऊन येतो, आणि बिलाच्या तळाशी ठळकपणे छापलेले असते की आज तुमचे इतके इतके रुपये वाचले!

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी माझे असेच चारशे बारा रुपये वाचले. त्यांची ही हकीकत.

आम्ही बदलापूरला राहतो. मुंबईच्या बोरीबंदरपासून ६८ किलोमीटरवरचे हे गाव मुळात काटकसरीवरच वाढले आहे. ज्यांना ठाण्यात घर परवडले नाही ते डोंबिवलीला आले, ज्यांना डोंबिवली परवडली नाही ते अंबरनाथला आले, आणि ज्यांना तेही जमले नाही ते बदलापूरला उतरले. घराच्या किमतीत जे काही वाचले, ते आम्ही रोज लोकलच्या दांडीला लोंबकळून हप्त्याहप्त्याने फेडतो. मी स्वतः कल्याणच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो, म्हणजे अर्ध्या वाटेतच उतरतो. त्यामुळे माझा हप्ता थोडा कमी, इतकेच.

तर त्या रविवारी आम्ही तिघे, म्हणजे मी, सौ. आणि अकरावीतली कन्या, गावाबाहेरच्या एका मोठ्या स्वस्त दुकानात गेलो. यादीत आठ जिनसा होत्या : तूरडाळ, साखर, तेल, पोहे, रवा, साबण, चहा आणि आईसाठी राजगिऱ्याचे लाडू. दुकानात शिरलो, चाकांची गाडी हाती आली, आणि माझ्यातला प्राध्यापक बाहेरच राहिला. एकावर एक फुकट मिळतो म्हणून दोन शाम्पू घेतले. पाच लिटरचा डबा एक लिटरच्या मानाने स्वस्त पडतो म्हणून फरशी पुसण्याचे औषध घेतले. आमच्या घराची फरशी लक्षात घेता ते कन्येच्या लग्नापर्यंत पुरावे. झाकणाचे सहा डबे घेतले, कारण ते झाकणांसह होते. बिल झाले तीन हजार आठशे सेहेचाळीस. यादीतल्या जिनसांचे त्यात बावीसशेच्या आसपास होते. पण मी ते पाहिलेच नाही. मी तळाचा आकडा पाहिला. चारशे बारा!

हा आकडा येतो कुठून? १९९० पासून आपल्याकडे पाकीटबंद मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. हेतू असा की, विक्रेत्याने त्याहून जास्त घेऊ नये. म्हणजे ती किंमत हे कुंपण आहे. आपण मात्र कुंपणालाच घर समजतो आणि त्याच्या अलीकडे जी जागा मिळेल ती फुकट मिळाली असे मानतो. शिवाय ही किंमत छापतो कोण, तर माल तयार करणाराच! ज्याने आकडा लिहिला त्यानेच खोडला, तर त्यात आपले नेमके किती वाचले, हे त्या श्रीखंडोबालाच ठाऊक.

पण म्हणून अशा दुकानांची स्वस्ताई खोटी असते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यामागे रोकडे व्यवहारशास्त्र आहे. राधाकिशन दमाणी यांनी आधी नेरूळला ‘अपना बाजार’ची एक शाखा चालवून पाहिली आणि २००२ साली पवईला ‘डीमार्ट’चे पहिले दुकान काढले. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, म्हणजे भाड्याची कटकट नाही. माल देणाऱ्याचे पैसे लवकर चुकते करायचे, म्हणजे तोही दर उतरवतो. थाटमाट कमी, उठाव जास्त. आणि ज्या ‘अपना बाजार’मध्ये त्यांनी हा अनुभव घेतला, तो १९४८ साली मुंबईच्या नायगावात कामगारांनी काढलेला सहकारी उद्योग. त्याही आधी, १८४४ च्या डिसेंबरात, इंग्लंडातल्या रॉचडेल गावी अठ्ठावीस जणांनी पै पै साठवून एक दुकान उघडले होते. पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या असल्या मोजक्या वस्तू त्यात होत्या. तिथे सभासदाने जितकी खरेदी केली असेल, त्या मानाने नफ्यातला वाटा त्याला परत मिळे. तो हवा तर त्याने घरी न्यावा, नाहीतर तिथेच साठवावा. मुद्दा हा की, रॉचडेलच्या विणकऱ्याचे जे वाचे ते त्याच्या नावावर जमा होई. माझे चारशे बारा कोणाच्या नावावर जमा झाले होते?

हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. उलट वाचलेल्या पैशात सहल फुकट पडेल, असा हिशेब मांडून मी सामान घरी टाकले आणि दुपारी रिक्षा ठरवून सगळ्यांना बारवी धरणाकडे घेऊन निघालो. आईला म्हटले, “तूही चल.” ती म्हणाली, “धरणातलं पाणी नळाला येतंय ना रोज? मग ते बघायला कशाला जायचं!”

आईचे सारे विचार असे नळापर्यंत येऊन पोचलेले असतात. इथे तिच्याविषयी थोडे सांगायला हवे.

आम्ही तेव्हा अंबरनाथला चाळीत राहत होतो. वडील विम्कोत, म्हणजे काड्यापेटीच्या कारखान्यात. महिन्याचा किराणा भरायला आई उल्हासनगरच्या कॅम्पात चालत जाई. उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्यांचे गाव. महायुद्धात बांधलेल्या लष्करी बराकींत ही माणसे राहिली, १९४९ साली वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या या व्यापाऱ्यांनी थोड्या नफ्यावर पुष्कळ विकण्याचा धडा आमच्या सगळ्या परिसराला घालून दिला. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्यापेक्षा तिथे शेंगदाणे किलोमागे रुपयाने उतरते. शिवाय आई आणखी आठ आणे उतरवून घेई.

या आठ आण्यांची मला भारी लाज वाटे. १९९३ साली मी आठवीत होतो. एकदा पिशव्या धरायला तिच्याबरोबर गेलो असता ती दाण्यांच्या भावावरून दुकानदाराशी हुज्जत घालत होती, आणि समोरून आमच्या वर्गातला एक मुलगा वडिलांबरोबर आला. मी हळूच चार पावले सरकलो आणि शेजारच्या कापडाच्या दुकानातल्या साड्यांकडे अशा काही एकाग्रतेने पाहू लागलो, की जणू त्या बाईचा आणि माझा काही संबंधच नाही. मुलगा निघून गेल्यावर मी परत आलो. आई काही बोलली नाही. पुढच्या महिन्यापासून तिने मला बरोबर येण्याविषयी विचारले नाही. दोन्ही हातांत दोन पिशव्या घेऊन ती एकटीच येऊ लागली.

तिच्या हुज्जतीला एक नियम होता, हे मला फार उशिरा कळले. दुकानात बसलेल्याशी ती वाटेल तेवढी घासाघीस करी. डोक्यावर पाटी घेऊन दारात आलेल्याशी कधी करत नसे. “त्याची मानच सांगते की भाव बरोबर आहे,” असे ती म्हणे.

आणखी एक. ती कधी ‘वाचले’ म्हणत नसे, ‘राहिले’ म्हणे. “आज अकरा रुपये राहिले.” आणि घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी ते अकरा रुपये डालड्याच्या एका रिकाम्या डब्यात पडत. डब्यावर कागद चिकटवलेला असे, त्यावर नाव. एकदा ‘शेगडी’ होते, एकदा ‘पंढरपूर’. मी एम.ए.ला गेलो तेव्हा कोणते नाव होते ते मी पाहिले नाही, पण एका संध्याकाळी तिने डबा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “ते तुझं जाड पुस्तक घेऊन ये.” मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचे पुनर्मुद्रण मी पुण्याहून आणले. आजही कुठल्या शब्दावर अडलो की मी तोच उघडतो. त्या कोशात माझे पाठांतर किती आणि तिचे आठ आणे किती, हा हिशेब मी कधी मांडला नव्हता.

असो. तर आम्ही बारवीकडे निघालो. मुळगावचा खंडोबा मागे पडला, डोंगरांवरून पांढऱ्या धारा दिसू लागल्या. धरणापाशी पोलिसांचा बंदोबस्त होता. पुढे कोणाला सोडत नव्हते. तेव्हा आम्ही अलीकडेच उतरून लांबून पाण्याचा वास घेतला.

औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली हे धरण बांधले. कारखान्यांसाठी बांधलेल्या या धरणावर पुढे आमची उल्हासनगर-अंबरनाथपासून ठाण्यापर्यंतची गावे पोसली. तहान वाढली तशी धरणाची उंचीही वाढवत नेली, आणि २०१९ च्या पावसाळ्यात वाढीव उंचीपर्यंत पाणी प्रथम चढले. आता त्यात सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर पाणी मावते. म्हणजे हा आमच्या सगळ्या तालुक्यांचा डालड्याचा डबाच की! चार महिने साठवायचे आणि आठ महिने पुरवायचे. पाणी अडवले म्हणून ते वाचत नाही. जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन ते कोणाच्या तरी हंड्यात पडते, म्हणून वाचते. असा काहीतरी सुविचार माझ्या मनात घोळत असतानाच रस्त्याच्या कडेला रानभाज्या घेऊन बसलेली एक म्हातारी आदिवासी बाई दिसली.

तिच्यापुढे सागाच्या पानांवर कर्टुल्यांचे पाच-सहा वाटे मांडले होते. बाजूला टाकळ्याच्या जुड्या होत्या.

“कसा वाटा, मावशी?”

“तीस रुपये, दादा.”

“वीसला द्या. दोन घेतो.”

तिने माझ्याकडे पाहिले, आकाशाकडे पाहिले आणि म्हणाली, “न्या.” पानात भाजी बांधता बांधता सौ.ने विचारले, “इथलंच का गाव?” म्हातारी हनुवटीने धरणाकडे दाखवून म्हणाली, “होतं. आता त्यावर पाणी हाय.”

मी चाळीस रुपये दिले आणि रिक्षात बसलो. वीस रुपये वाचले होते. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग कन्या म्हणाली, “बाबा, सकाळी त्या शाम्पूवाल्याला का नाही म्हणालात, वीसला द्या म्हणून?”

माझ्याजवळ उत्तर होते. छापील भावाच्या दुकानात घासाघीस चालत नाही, वगैरे. पण ते तोंडातून बाहेर येईना. छापील आकड्यापुढे मुकाट्याने मान तुकवणारा मी, मान मोडून भाजी आणणाऱ्या बाईपुढे एकदम व्यवहारचतुर झालो होतो. आठवीत मी आईपासून चार पावले सरकलो होतो. तिची हुज्जत तेवढी मी उचलली होती, तिचा नियम तिथेच साड्यांपाशी राहिला होता.

“रिक्षा वळवा हो,” मी म्हटले. म्हातारी पाने गोळा करत होती. मी वीस रुपये पुढे केले. तिने ते घेतले, पण धन्यवाद वगैरे काही नाही. टाकळ्याची एक जुडी उचलून सौ.च्या हातात ठेवली आणि म्हणाली, “म्हणजे फिटलं.” माझे दान तिने अशा रीतीने जागच्या जागी नाकारले.

संध्याकाळी आई पिशव्यांतले सामान लावत होती. फरशीच्या औषधाचा डबा कुठे ठेवावा, या विचारात ती बराच वेळ उभी राहिली. मी तिला बिल दाखवले. तिने चष्मा लावून तळाचा आकडा वाचला.

“चारशे बारा. बरं. मग राहिले किती?”

“म्हणजे?”

“हातात रे! डब्यात टाकायला.”

सकाळच्या रिक्षाचे एकशे साठ झाले होते, दुपारच्या रिक्षाचे त्याहून जास्त. शाम्पू आणि झाकणांचे डबे तर वेगळेच. मी म्हटले, “राहिले नाहीत.”

“मग वाचले कसे?”

वीस-बावीस वर्षे मी मुलांना मराठी शिकवतो आहे. ‘वाचणे’ या धातूचे दोन अर्थ होतात, हे दर वर्षी सांगतो. पण माझे पैसे दुसऱ्या अर्थाने वाचलेलेच नव्हते, पहिल्या अर्थाने मी त्यांना बिलावर नुसते वाचले होते, हे कोणत्याही विद्यार्थ्याने मला दाखवून दिले नव्हते.

मग काटकसर करावी की करू नये? मला वाटते, जरूर करावी. पण दोन प्रश्न विचारून. हा पैसा कोणाच्या पदरातून राहिला, आणि राहिला तो कुठे निघाला? पहिल्याचे उत्तर देताना मान खाली जात असेल तर ती काटकसर नव्हे, आणि दुसऱ्याला उत्तरच नसेल तर ती बचत नव्हे.

आईने माळ्यावरून एक रिकामा डबा काढायला लावला. डालड्याचा आता मिळत नाही. आमच्या सहा डब्यांपैकीच एक सत्कारणी लागला. कन्येने कागद कापला, डिंक लावला आणि लेखणी सरसावून विचारले, “आजी, नाव काय लिहू?”

“ते तुम्ही ठरवा,” आई म्हणाली. “नाव आधी ठरवायचं, दुकानात मग जायचं.”

त्याला आता सहा आठवडे झाले. सौ.च्या मते नाव ‘काश्मीर’ असावे, कन्येच्या मते ‘गिटार’. मी ‘विश्वकोश’ सुचवला, पण त्याला अनुमोदन मिळाले नाही. नाव ठरत नाही म्हणून आम्ही त्या दुकानात गेलेलो नाही. डाळ-साखर कोपऱ्यावरच्या वाण्याकडून चार पैसे जास्त देऊन आणतो. आणि नवल असे की, महिनाअखेरीला हातात काहीतरी राहते.