इस्त्रीबाई, एकट्या येऊ नका

श्रीमती वाफेच्या इस्त्रीबाई यांस,



आमच्याकडे सर्व क्षेम. पाऊस ओसरला, कपडे एकदाचे खडखडीत वाळू लागले, आणि सोसायटीच्या फाटकाजवळच्या इस्त्रीवाल्याने नगामागचा दर पुन्हा वाढवला. आमच्या सेवेत असलेल्या तुमच्या प्रतिनिधींची चकती हल्ली कुठेही फिरवा, त्या एकाच तापात असतात. म्हणून दिवाळीआधी त्यांना सन्मानाने निवृत्त करून नव्या बाई आणायचं ठरलं आहे. नेमणुकीपूर्वी तुमच्या घराण्याशी मोकळेपणाने बोलावं, यासाठी हा पत्रप्रपंच.

आधी आभार. आजोळी तुमच्या थोरल्या जाऊबाई होत्या. अंगाने पितळी, मूठ लाकडी, पोटात रसरशीत निखारे. त्यांना उचलताना मामाचं मनगट भरून यायचं. आजी ओंजळीतलं पाणी धोतरावर शिंपडून त्याची गुंडाळी करून ठेवी, म्हणजे ओल सगळीकडे सारखी मुरायची. एखादी ठिणगी बाहेर पडली की सदऱ्याला जन्माचा डाग. कोळसा पेटवायचा कंटाळा असेल त्या दिवशी कपडे घडी घालून सरळ गादीखाली! न्यूयॉर्कच्या हेन्री सीलींनी विजेच्या इस्त्रीचं पेटंट १८८२ मध्येच घेतलं होतं, आणि १९२६ च्या सुमारास तिकडे वाफेची इस्त्री दुकानात आली. आजीच्या ओसरीपर्यंत यातलं काही पोचलं नाही. आमच्या घरी तुम्ही आलात, पाणी शिंपडण्याचं काम स्वतःच्या अंगावर घेतलंत, हे उपकार विसरलेले नाही.

आता गाऱ्हाणी. पहिलं तुमच्या पाहुण्यांसमोरच्या मिरवण्याचं. दुकानात तुमची ओळख करून देतात ती फक्त वॅटची: बाराशे, सोळाशे, दोन हजार! त्या आकड्यावरून तुम्ही किती लवकर तापाल ते कळतं; वाफ किती द्याल ते कळत नाही. ते मिनिटाला किती ग्रॅम यात लिहिलेलं असतं, आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. रोजच्या शर्ट-कुर्त्यांना वीसेक ग्रॅम पुरतात. जाड सुती आणि लिनन घालणाऱ्यांनी त्याहून जास्त बघावं. शिवाय पंखा-दिव्याच्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला चौदाशे वॅटच्या पुढचा भार झेपत नाही. तिथे १६ अँपिअरचा पॉवर प्लगच हवा. तो पलंगापाशी नसतो, गीझरपाशी असतो. तळ स्टीलचा असो, सिरॅमिक असो की नॉन-स्टिक, त्यावर फार वाद घालू नये. आयएसआयचं चिन्ह आणि लांब, फिरती वायर मात्र बघून घ्यावी.

दुसरं गाऱ्हाणं पाण्याचं. आमच्याकडे बोअरचं पाणी. त्यातले क्षार तुमच्या पोटात साचतात, आणि शुभ्र कुर्त्यावर नेमके कार्यक्रमाच्या सकाळी बाहेर पडतात. निम्मं डिस्टिल्ड वॉटर मिसळलं की तुम्ही पुष्कळ शहाण्यासारख्या वागता. महिन्यातून एकदा टाकी भरून, पूर्ण तापवून, प्लग काढून, मोरीवर आडवं धरून सेल्फ क्लीनचं बटण दाबलं की पोट साफ. आणि रेशमावरचा तुमचा राग तर अनाकलनीय! कपड्याच्या लेबलावर एक ठिपका म्हणजे मंद ताप, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे कडक. एका ठिपक्याच्या तापात पाण्याची नीट वाफ होत नाही, मग ते तसंच टपकतं. म्हणून पैठणीच्या वेळी तुमची वाफ बंद, पैठणी उलटी, वर मलमलचा तुकडा, आणि मग हळूच तुमचा हात.

पण बाई, खरा राग निराळा आहे. तुम्ही अर्ध्याच आहात, हे इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही बोलला नाहीत. सुती धाग्याचे रेणू ज्या बंधांनी एकमेकांना धरून असतात, ते ओल आणि ऊब मिळाली की सुटतात. दाब दिला की धागा सरळ होतो, आणि वाळताना नवे बंध तसेच सरळ बसतात. म्हणजे वाफ आत जाणं जितकं गरजेचं, तितकंच ती बाहेर पडणं. आम्ही मात्र पलंगावर चादर चौपदरी घालून तुम्हाला फिरवणार. गादी खाली दबते, दाब मिळत नाही. वाफ कापसात मुरते, कपडा दमट राहतो, आणि हँगरला लावेपर्यंत पुन्हा चुरगळतो. दोष मात्र तुमच्या वॅटना!

तुमच्या उरलेल्या अर्ध्याचाही इतिहास आहे. गुलामीत जन्मलेल्या आणि पुढे कनेटिकटमध्ये शिवणकाम करणाऱ्या सॅरा बून यांनी १८९२ मध्ये इस्त्रीच्या अरुंद, वळणदार फळीचं पेटंट घेतलं. बायकांच्या पोशाखाची बाही त्या फळीवर नीट चढावी, हा हेतू. आजच्या इस्त्रीच्या टेबलाचं निमुळतं टोक खांद्यासाठी आणि बाहीसाठीच असतं. आमच्याकडे त्यावर ओले टॉवेल वाळतात.

तेव्हा विनंती अशी, की यंदा एकट्या येऊ नका. तुमच्यावरचे पाच-सातशे रुपये कमी करीन, पण टेबल धड घेईन. वरचा भाग फळीचा नको, लोखंडी जाळीचा हवा, म्हणजे वाफ खाली निघून जाईल. लांबी ११० ते १२० सेंटिमीटर. वर फेल्ट आणि सुती आवरण. दुकानातच उघडून, दोन्ही तळव्यांनी दाबून बघणार. डगमगलं तर घरी डगमगणारच. साडीला पलंगच बरा, असं म्हणणाऱ्यांना सांगा की नऊवारीसुद्धा चौघडी घालून पुढे सरकवत या टेबलावर होते.

आणि पायांच्या खाचा मोजून घेणार. उंची बदलता येते, त्या अर्थी हे टेबल घरातल्या एकाच कमरेसाठी केलेलं नाही. आमचे चिरंजीव सहा फूट आहेत, त्यांचे वडीलही फारसे मागे नाहीत. पहिल्या दिवशी मी ते सर्वांत वरच्या खाचेला लावून ठेवणार आहे. तुम्ही फक्त त्यांच्या हातात शोभून दिसा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
एक जुनी यजमानीण

ता. क. काम झाल्यावर टाकी रिकामी करायची असते, हे या नव्या मंडळींना सुचणार नाही. मी आठवण करणार नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी टपकून ती करून द्या. मात्र ज्याने पाणी ठेवलं, त्याच्याच शर्टावर.